राजदूताची पुनर्नेमणूक

आपल्या देशात राजदूत दोन झाले. (परराष्ट्र खात्यातले वेगळे. ते कर्जासाठी आमच्या काउंटरवर येत नसल्यामुळे त्यांच्याविषयी मला काही सांगता येणार नाही.) पहिला राजदूत चार चाकांचा. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा तो अवतार. १९५८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला जन्मला, अँबॅसिडर असे इंग्रजी नाव लावून आयुष्यभर मंत्र्यांना आणि कलेक्टरांना घेऊन फिरला. दुसरा राजदूत दोन चाकांचा. हा मूळचा पोलंडचा. १९६२ साली इकडे आला, नाव मात्र चक्क देशी लावले आणि आयुष्यभर दूधवाल्यांना घेऊन फिरला. पहिला २०१४ साली निवृत्त झाला तेव्हा देशभर हळहळ छापून आली. दुसरा नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत केव्हातरी गेला; नक्की केव्हा, हे त्याच्यावर बसणाऱ्यांनाही कळले नाही. दूधवाल्याच्या मोटारसायकलीवर अग्रलेख लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा म्हटले, आपणच लिहावे.

पोलंडात क्येल्त्से नावाचे गाव आहे. (हा उच्चार सलग तीनदा करून पाहावा. कवळी असलेल्यांनी करू नये.) तिथल्या लुडविकुव नावाच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात पोलिश घोडदळासाठी तलवारी बनत. १९३८ साली त्याच कारखान्याने ९८ सीसीची एक मोटारसायकल काढली आणि कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले एसएचएल. पुढच्याच वर्षी हिटलर पोलंडात घुसला आणि मोटारसायकलीचे राहूनच गेले. युद्धानंतर कारखान्याने पुन्हा मोटारसायकली काढल्या आणि जोडीला कपडे धुण्याचे यंत्रही काढले. त्या यंत्राचे नाव फ्रान्या. तलवार, मोटारसायकल आणि धुलाईयंत्र! एकाच छपराखाली घोडदळ, तरुण पिढी आणि गृहिणी अशा तिघांची सोय पाहणारा कारखाना मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

या एसएचएलचे एम-११ नावाचे मॉडेल १९६१ च्या सुमारास निघाले. इंजिनाचे नाव 'व्यात्र', म्हणजे पोलिश भाषेत वारा. इंजिन म्हणायला १७५ सीसीचे, मोजायला १७३ सीसीचे. दोन सीसीचा हा फरक आमच्या बँकेत निघाला असता तर तो सापडेपर्यंत शाखा बंद करू दिली नसती. पण मोटारसायकलवाले अशा बाबतीत मोठ्या मनाचे असतात.

आता पोलंडची मोटारसायकल हिंदुस्थानात यायचे कारण काय? कारण पैशाचे आहे, आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतके तरी सांगायलाच हवे. १९५७-५८ च्या सुमारास आपल्याकडे परकीय चलनाचा खडखडाट झाला होता. डॉलर आणि पौंड जपून वापरायचे दिवस. पण पूर्व युरोपातल्या देशांशी करार असे होते की देणेघेणे रुपयात भागवावे. त्यांनी यंत्रे द्यावीत, आपण रुपये द्यावेत, त्याच रुपयांत त्यांनी आपल्याकडचा माल न्यावा. परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ज्याने एकदा तरी भरला आहे त्यालाच या व्यवस्थेची गोडी कळेल. लाहोरला १९४४ साली निघालेली आणि फाळणीनंतर दिल्लीला आलेली एस्कॉर्ट्स कंपनी तेव्हा पोलंडकडून ट्रॅक्टर घेत होती. तिथेच मोटारसायकलीचाही सौदा जमला. चेकोस्लोव्हाकियाची जावा याच वाटेने एक वर्ष आधी, १९६१ साली, म्हैसूरला पोचली होती. म्हणजे समाजवादी राष्ट्रांनी आपल्याला आणखी काय दिले यावर विद्वानांचे मतभेद असतील, पण दोन फर्मास मोटारसायकली दिल्या यावर नसावेत.

आम्हां कोल्हापूरकरांना पोलंड नवे नव्हते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियाच्या वाटेने निर्वासित झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांतल्या बहुसंख्य बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. आमच्या आजोळच्या जुन्या माणसांनी त्या गोऱ्या बायका मंडईत भाजी घेताना पाहिल्या होत्या. पाहुणे १९४८ साली गेले आणि पुढे चौदा वर्षांनी त्यांची मोटारसायकल आली. वळिवड्याच्या मिरचीची आठवण ठेवून कोणी मुद्दाम पाठवली असे मला वाटते, पण त्याला पुरावा नाही.

राजदूत देखणा नव्हता. बुलेट फौजेची, जावा कॉलेजातल्या पोरांची, आणि राजदूत ज्याला खरोखरच कुठेतरी जायचे आहे त्याची. पुढच्या चाकाची रचना मात्र पाहण्यासारखी. इतर गाड्यांना पुढे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. राजदूताला खाली एक हलणारा हात आणि त्यावर दोन शॉकअॅब्सॉर्बर. खड्डा आला की चाक वर उचलून घ्यायचे आणि पुढे चालायचे, मालकाला कळवण्याची गरज नाही. आमच्याकडचे रस्ते पाहून पोलंडचे रस्तेही तसलेच असावेत, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे.

कोल्हापूरचा गोकुळ संघ १९६३ सालचा, म्हणजे राजदूताच्या पाठचा भाऊ. पुढे १९७० साली देशात दुधाची महापूर योजना आली आणि वाड्यावस्त्यांवरून डेअरीपर्यंत दूध पोचवायचे काम निघाले. ते राजदूताने केले. दोन बाजूंना चाळीस चाळीस लिटरचे दोन कॅन, मध्ये दूधवाला, टाकीवर त्याचे पोर, आणि मागे एखादा 'फाट्यापतुर सोडा की' म्हणणारा पाव्हणा. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आमच्या खात्यातल्या जुन्या मंडळींनाही खेड्यात जाऊन विहिरी आणि म्हशी तपासण्याचा योग आला. म्हशीच्या कानातला बिल्ला वाचायला जो कृषी अधिकारी चिखलातून जाई, त्याच्याही बुडाखाली बहुधा राजदूतच असे. म्हणजे कर्ज देणारा, घेणारा आणि कर्जातून आलेले दूध, तिघे एकाच गाडीवरून हिंडले. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूर डिंपलला घेऊन ज्या बुटक्या गाडीवरून पळाला, तीही राजदूतच होती, जीटीएस नावाची. पण ते घराणे वेगळे. तिच्यावर कॅन बसत नव्हते.

मग १९८५ साली जपानी सहकार्याने हीरो होंडाची १०० सीसीची चार-स्ट्रोक गाडी आली. तिचे ॲव्हरेज ऐकून लोकांनी आधी ती अफवा समजली. पुढे १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले. धूर हा तर राजदूताचा स्थायिभाव. तिकडे पोलंडात क्येल्त्सेच्या कारखान्याने १९७० सालीच मोटारसायकली बंद केल्या होत्या. बाप गेल्यावर मुलगा तीस-बत्तीस वर्षे परमुलखात दूध घालत राहिला, असा हा प्रकार.

त्यांतलाच एक राजदूत माझ्या मामाचा. मामाने तो १९८६ साली घेतला. शेजारी सगळे हीरो होंडाला नंबर लावत असताना मामा म्हणाला, "त्या सुईच्या शिलाई मशीनवर कॅन बसत्यात का?" विषय संपला. तेवीस वर्षे मामाने त्याच्यावरून दूध घातले. पहाटे चारला गाडी जायची, सातला यायची. २००९ साली मामा गेला आणि राजदूत गोठ्याच्या कडेला कडब्याखाली उभा राहिला. परवाच्या दिवाळीत मामीने नवी म्हैस घ्यायचे ठरवले आणि मला निरोप आला : "म्हशीला जागा पायजे. न्हेतोस का भंगारवाल्याला देऊ? तो तीन हजार म्हणतोय."

आमच्या शास्त्रात वस्तूचा घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर काढतात. गाडीला साधारण पंधरा टक्के. या पद्धतीची गंमत अशी की किंमत कमी कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही. शेवटी कंटाळून हिशेबनीस वस्तूची किंमत एक रुपया धरतात आणि ती वस्तू वहीत जिवंत ठेवतात, कारण वस्तू जागेवर आहे हे विसरले जाऊ नये. कर्जाचे तसे नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक. मामाचा राजदूत सुमारे साडेपाच हजार दिवस थकलेला होता. मी मामीला साडेतीन हजार दिले. मामीने दोनदा मोजून घेतले आणि पाचशेची एक नोट परत दिली. म्हणाली, "भंगाराच्यावर घेतलं तर तुझा मामा हसंल."

गाडी टेंपोत घालून मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री सत्तरीचे. त्यांच्या गॅरेजवर पाटी नाही. ज्याला कळायचे त्याला वास येतो. गाडी उतरल्याबरोबर टेंपोवाल्याच्या पोराने किकवर पाय ठेवला. मिस्त्री ओरडले, "ए, हात... पाय लावू नको!" मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "सायब, पंधरा वर्सं झोपलेल्या माणसाला लाथ घालून उठवत्यात का?"

यात शास्त्र आहे. इतकी वर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात. किक मारली तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा जातो. मग बोअर करा, मोठ्या मापाचा पिस्टन शोधा, हे सगळे आले. मिस्त्रींनी प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑईलचे मिश्रण ओतले आणि दोन दिवस गाडीकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने सुपारीएवढे पुढे, सुपारीएवढे मागे. तासाभराने आतून 'क्च्' असा आवाज आला. मिस्त्री म्हणाले, "सुटली."

टाकीत पेट्रोल नव्हते, काकवी होती. पेट्रोल उघड्यावर वर्षानुवर्षे राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली डिंकासारखा चिकटा उरतो. टाकीच्या आत गंज. मिस्त्रींनी मला बाजारातून नटबोल्ट नव्हे, चिंच आणायला सांगितली. दोन किलो. तिचा कोळ करून टाकीत भरला, मूठभर जुने नट आत टाकले आणि टाकी झोपाळ्यासारखी हलवायचे काम मला दिले. चिंचेतले आम्ल गंज खाते. तांब्याच्या कळशीला सासू जे करते तेच. दोन दिवसांनी सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली तेव्हा आतून चांदीसारखी निघाली. आमच्या सौभाग्यवतीने दोन किलो चिंचेचा हिशेब मागितला. मी तो भांडवली खर्चात टाकला. पिस्टनच्या रिंगा भांडवली की महसुली, यावर मात्र मी अजून विचार करतो आहे.

कार्बोरेटर उघडला. जेट म्हणजे पितळेचे एक बोंडूक आणि त्याला सुईच्या टोकाएवढे भोक. सगळे पेट्रोल एवढ्यातून जायचे, आणि तेच बुजलेले. ते तारेने टोचायचे नाही, भोक मोठे होते. पेट्रोलात भिजवायचे आणि हवेने फुंकायचे. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीची चाळ बांधली होती, आणि मातीच्या मागे तेवीस वर्षांचा कोळसा. दोन-स्ट्रोक इंजिनाचा श्वास बाहेर पडायचा रस्ता बुजला की आत नवा श्वास जात नाही. मिस्त्रींनी सायलेन्सर भट्टीत लाल करून आपटला. त्यातून जे पडले ते पाहून मला माझ्या छातीचा एक्स-रे काढावासा वाटला.

पण खरी गोम निघाली ऑईल सीलमध्ये. ती समजायला थोडे मागे जावे लागेल. साध्या इंजिनात हवा घेणे, दाबणे, पेटवणे आणि बाहेर टाकणे यांना चार फेऱ्या लागतात आणि वर झडपांचा संसार. १८९० च्या सुमारास इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे नावाच्या माणसाने झडपा काढून टाकल्या. पिस्टन वर जाताना खालच्या बंद पेटीत हवा-पेट्रोल ओढून घेतो, खाली येताना तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये पाठवतो. एकाच पेटीत आवक आणि जावक. जर्मनीतल्या डीकेडब्ल्यू कंपनीने पुढे हीच युक्ती घरोघरी पोचवली. त्या कंपनीची आद्याक्षरे आधी वाफेच्या गाडीची होती. ती गाडी चालली नाही, मग त्याच अक्षरांचा अर्थ 'पोरांची इच्छा' आणि नंतर 'छोटा चमत्कार' असा लावण्यात आला. नाव न बदलता धंदा बदलणे याला म्हणतात! त्यांच्या १२५ सीसीच्या गाडीची युद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया, जपान यांनी खुशाल नक्कल केली, आणि पोलंडचे पहिले युद्धोत्तर इंजिनही त्याच वळणाचे होते.

तर ही आवक-जावकीची पेटी हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात, ते वर्षानुवर्षे उभ्या गाडीत लाकडासारखे कडक होतात. मग एका बाजूने फुकटची हवा शिरते, दुसऱ्या बाजूने गिअरचे ऑईल. बाकी सगळे नवे केले तरी गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, कधी सुरू झाली तर थांबत नाही. पुष्कळ जण इथे कंटाळून गाडी विकतात. मिस्त्रींनी सिगारेटचा धूर सीलपाशी धरून आत ओढला जातो का ते पाहिले. ओढला गेला. कॅशियरच्या खिशाला भोक असल्यावर हिशेब कसा जुळणार? सील मिळवायला मी चार दिवस हिंडलो. शेवटी ते मिळाले तेही मिस्त्रींच्याच पेटाऱ्यात, मेणकागदात गुंडाळलेले. मी म्हटले, "मग आधी का नाही सांगितलेत?" ते म्हणाले, "बाजारात गावत न्हाईत ह्ये तुमास्नी कळाया पायजे हुतं."

त्या पेटाऱ्यात सीलचा आणखी एकच जोड होता. मिस्त्रींचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. पॉइंटमधली फट मिस्त्री पट्टीने मोजत नाहीत, व्हिजिटिंग कार्ड घालून पाहतात, आणि ते कार्ड ज्या दुकानाचे आहे ते दुकान केव्हाच बंद झाले. मी त्यांना म्हटले, हे सगळे कुठेतरी लिहून ठेवू या. ते म्हणाले, "लिवा की. पर कानानं ऐकायचं कसं लिवनार?"

पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, उंदरांनी खाल्लेली वायरिंग नवी घातली, ब्रेकच्या तारा, टायर, चेन. लिटरला ४० मिली ऑईल घालून पेट्रोल ढवळले. पहिल्या पंधरा किकांत काही नाही. सोळाव्या किकेला 'फट्'. मग मिस्त्रींनी पॉइंटची प्लेट केसभर फिरवली आणि अठराव्या किकेला राजदूत बोलला. गल्लीत एवढा धूर झाला की समोरच्या आजींनी डासांचा माणूस आला समजून खिडक्या लावून घेतल्या.

त्याच रविवारी गाडी घेऊन आजोळी गेलो. घराच्या वळणावर गिअर उतरवला. मामी आत होती. बाहेर येऊन पाहते तो चुलीवर चहाचे आधण ठेवलेले. आवाज ऐकल्याबरोबर, काही न विचारता, ठेवले गेले होते. ते पाहून मामी स्वतःच काही वेळ आधणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हितं धूर करू नको, म्हस गाभण हाय."

चहा पिताना मामीने ट्रंकेतून गाडीचे पुस्तक काढले. त्यावर मामाचे नाव आणि त्याखाली एका बँकेचा बोजा. कर्ज १९८९ सालीच फिटले होते, पण बोजा उतरवायचा फॉर्म मामाने भरला नव्हता. फॉर्म भरण्यापेक्षा दूध घालणे त्याला सोपे वाटे. आता ना हरकत दाखला आणायचा कुठून? ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखेच्या जागी चप्पलचे दुकान आहे. वारसाच्या नावे गाडी करायला नमुना ३१, बोजा उतरवायला नमुना ३५, पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीचे नूतनीकरण, त्याचा दंड, पर्यावरण कर. पंधरा वर्षे झाल्यावर गाडीने दर पाच वर्षांनी आपण हयात असल्याचे सिद्ध करायचे असते. पेन्शनरांना तरी दर नोव्हेंबरला बोलावतात, इथे पाच वर्षांची सवड आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा. माझे काम असे आहे की समोरच्याला फॉर्म परत करताना काय बोलायचे ते मला पाठ आहे. त्यामुळे परत केल्यावर मी रागावत नाही, फक्त त्या माणसाची लकब पाहतो. आमच्या शाखेतल्यापेक्षा ती बरी होती.

चासी नंबरची छाप घ्यायला कागद धरून वर पेन्सिल घासावी लागते. मामाने त्या नंबरावर दरवर्षी दसऱ्याला हळदकुंकू लावलेले. तीन थर खरवडल्यावर आकडे दिसले.

आता एकच अडचण शिल्लक आहे. २०२५ सालापासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबराला फुगवते. मिस्त्रींनी सांगितले आहे की गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, किंवा उभीच ठेवू नका. इथेनॉल उसाचे. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच राजदूताची नळी फुगवतो आहे. मी मामीला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग रोज चालीव. डेअरीला जायाचं असतंय मला बी."

तेव्हा सध्या दर रविवारी सकाळी मी, मामी आणि एक कॅन. हॉर्न अजून वाजत नाही. मिस्त्री म्हणतात, त्याची गरज नाही, दोन गावं आधी कळतंय.